मित्राच्या गावाला जाणारा रस्ता



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठी माणसं बोलून गेली. कालिदास झाला, विक्रम संवत झाला, वेधशाळा झाली, शिंदेशाही तर कितीदा झाली. मी साहित्याचा माणूस नाही. तुमच्यातले निम्मे लोक मला ओळखतात ते साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांमुळे. यंदा चिटणीसांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, “दुचाकीवरून एकट्यानं परदेशात जाणं, तेही मित्राला भेटायला.” पलीकडे जरा शांतता झाली. मग ते हळूच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, गुडघेदुखीवर बोललात तर लोक जास्त येतील.” गुडघे या विषयातही आहेत, काळजी नसावी.

हा विषय मला का सुचला ते पुढे येईल. आधी एक गोष्ट सांगतो. ती तुमच्यापैकी काहींनी वर्तमानपत्रात वाचली असेल.

प्रद्युम्न कुमार महानंदिया हे नाव. जन्म १९४९चा, ओडिशातल्या अठमल्लिक भागातला, विणकाम करणाऱ्या दलित कुटुंबातला. हा मुलगा दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकायला आला आणि कनॉट प्लेसला बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची रेखाचित्रं काढून पोट भरू लागला. दहा मिनिटांत चित्र, दहा रुपये. १९७५च्या डिसेंबरात त्याच्यासमोर एक स्वीडिश मुलगी येऊन बसली, शार्लोट फॉन शेडविन. ती स्वीडनहून गाडीनं, जमिनीच्या रस्त्यानं, बावीस दिवसांत हिंदुस्थानात आली होती. ओळख झाली, ती त्याच्या गावी गेली, घरच्या रीतीप्रमाणे त्यांचं लग्नही झालं. मग ती परत गेली. हा मागे राहिला. पत्रं येत-जात राहिली. विमानाचं तिकीट काढण्याएवढे पैसे त्याच्याकडे जमण्याची शक्यता नव्हती. तेव्हा त्यानं होतं-नव्हतं ते विकून एक जुनी सायकल घेतली, तीही लेडीज, आणि २२ जानेवारी १९७७ला दिल्लीहून निघाला. दिवसाला साधारण सत्तर किलोमीटर. अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान, पुढे युरोप. जिथे भाषा अडली तिथे कागद-पेन्सिल काढायची, समोरच्याचं चित्र काढायचं, त्याच्यावर जेवण किंवा रात्रीचा निवारा मिळवायचा. इस्तंबूल आणि व्हिएन्ना करून, शेवटचा टप्पा आगगाडीनं संपवून, तो २८ मेला गोटेनबर्गला पोहोचला. चार महिने आणि सहा दिवस. पुढे तो स्वीडनमध्येच चित्रकला शिक्षक झाला, मुलंबाळं झाली, संसार झाला.

ही गोष्ट सांगितली की लोक ‘प्रेमासाठी काय काय केलं’ म्हणून उसासा टाकतात. टाकावा. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती दिसण्यासाठी तारखा शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. महानंदिया १९७७मध्ये गेला. १९७९च्या सुरुवातीला इराणमध्ये क्रांती झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. ज्या युगोस्लाव्हियातून रस्ता युरोपात जायचा, तो देश १९९१नंतर फुटला. म्हणजे हा पोरगा दोन वर्षं उशिरा निघाला असता, तर सायकल तीच, पाय तेच, पण रस्ता नसता. शार्लोट ज्या वाटेनं आली आणि तो ज्या वाटेनं गेला, ती वाट त्यांच्या पाठोपाठ बंद झाली.

आपण म्हणतो, जग जवळ आलं. विमानानं आलं, फोननं आलं, खरं आहे. आज रात्री इंदूरहून निघालेला माणूस उद्या लंडनला पोहोचतो. पण जमिनीवरून जाणाऱ्यासाठी जग लांब गेलं आहे. अटारीची सीमा २०२५च्या एप्रिलपासून पुन्हा बंद आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात योगेश आलेकरी हा आपला मराठी तरुण मुंबईहून मोटरसायकलवर एकटा लंडनकडे निघाला. त्याला पश्चिमेला जायचं होतं, म्हणून तो आधी पूर्वेला गेला! नेपाळ, तिथून चीन, मग किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया, तुर्कस्तान आणि युरोप. सतरा देश, चोवीस हजार किलोमीटरच्या आसपास. नकाशावर बोट ठेवून बघा. शेजारच्या घरात जायला आख्ख्या गावाला वळसा.

आणि हा वळसा नुसता पेट्रोलचा नसतो, कागदांचाही असतो. परदेशात स्वतःची गाडी न्यायची तर बऱ्याच देशांत ‘कार्ने’ नावाचं पुस्तक लागतं. ही गाडी आम्ही तुमच्या देशात विकणार नाही, परत नेऊ, न नेल्यास जकात भरू, अशी ती हमी असते. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. सीमेवर पान फाडतात, शिक्का मारतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना वेगळा, तो आपल्या आरटीओतून मिळतो आणि वर्षभर चालतो. चीनमध्ये परदेशी गाडी आणली की परवानाधारक वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो, त्याचा खर्च तुमच्या माथी. युरोपच्या शेंगेन देशांत एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसच राहता येतं. व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी घेत नाहीत. विमानानं जाणाऱ्याला यात काही अडचण नाही. पण जो चार महिने रस्त्यावरच असणार, त्यानं निघताना काढलेला व्हिसा तो पोहोचेपर्यंत शिळा होऊ शकतो. सायकलवाल्याचं घड्याळ आणि कचेरीचं घड्याळ यांचं जमत नाही.

आलेकरीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण ते चांगलंही आहे आणि वाईटही. ऑगस्टच्या अखेरीस इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या वोलाटन पार्कपाशी गाडी लावून तो न्याहारीला गेला. परत आला तर गाडी नाही. दिवसाढवळ्या कुलूप फोडून नेली. सामानातला पासपोर्ट, पैसे, कॅमेरे, लॅपटॉप सगळं गेलं. तिबेटचं पठार झालं, कझाकस्तानचं माळरान झालं, आणि गाडी गेली ती एका बागेबाहेर. पण पुढचा भाग असा, की तिथल्याच मोटरसायकलवाल्या अनोळखी लोकांनी त्याला हात दिला आणि जवळच्या गावातल्या एका दुकानदारानं त्याच जातीची दुसरी गाडी त्याला देऊ केली. चोर चार होते. मदत करणारे किती होते ते मोजलेलं कुठे वाचनात आलं नाही. असल्या गोष्टी कोणी मोजत नाही.

आता सायकलीबद्दल. वेदांगी कुलकर्णी ही पुण्याची मुलगी. २०१८मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तिनं सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून जुलैत निघाली आणि १५९ दिवसांत सुमारे एकोणतीस हजार किलोमीटर कापून डिसेंबरात कोलकात्याला पोहोचली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये सुरा दाखवून लुटलं, रशियात बर्फात एकटीनं तंबू ठोकला. मी डॉक्टर असल्यामुळे मला अस्वलापेक्षा भागाकार जास्त घाबरवतो. एकोणतीस हजाराला १५९नं भागा. रोजचे १८२ किलोमीटर येतात. महानंदियाच्या अडीच पट.

हे शरीर कसं सोसतं? गुडघे, तुम्ही वाट बघत होतात, ते सायकलवर तसे सुरक्षित असतात. शरीराचा भार खोगिरावर असतो, गुडघ्यावर नाही. म्हणून मी गुडघेदुखीच्या रुग्णांना सायकल चालवा म्हणतो. गुडघा बिघडतो तो खोगीर खाली ठेवल्यामुळे. टाच पॅडलवर ठेवून पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. आपल्या शहरात शंभरातली नव्वद माणसं खोगीर खाली ठेवतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं वाटतं. लांबच्या प्रवासात खरा त्रास हाताला होतो. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं जाणारी नस हँडलवर दिवसभर दाबली जाते, मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, शर्टाचं बटणसुद्धा लागत नाही. उपाय साधा आहे. हँडल धरण्याची जागा दर थोड्या वेळानं बदलायची, हँडल जरा उंच करायचं. आणि पाणी. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामावाटे गेलेलं मीठ भरून निघत नाही. मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस. इथे मी होमिओपॅथ असून हे का सांगतो, असं कोणाला वाटेल. ज्याचं काम त्यानं करावं. रस्त्यावर निघणाऱ्याला मी धनुर्वाताची सुई घ्यायला लावतो आणि रक्तदाबाची गोळी चुकवू देत नाही.

पण शरीर हा प्रश्न अर्धाच. एकटा माणूस अनोळखी मुलखात रात्री कुठे टेकतो, हा खरा प्रश्न. आणि त्याबद्दल आपल्या मुलखाला जगातल्या कोणत्याही देशाइतकंच कळतं.

आपल्याकडे वैशाखात पंचक्रोशी निघते. एकशे अठरा किलोमीटर, पाच दिवस, मे महिन्याचं ऊन. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वरापाशी यात्रेकरू काय करतात, हे तुम्ही लहानपणापासून बघता. ते देवाकडून ‘बळ’ उसनं घेतात. आणि यात्रा संपली की मातीचे घोडे वाहून ते बळ परत करतात. मला ही रीत फार आवडते. चालायला निघालेला माणूस स्वतःच्या ताकदीवर निघालो म्हणत नाही. उसनं घेऊन निघालो म्हणतो. गावोगावचे लोक शेतात पाण्याचे माठ मांडून बसतात, पिठलं-भाकरी वाढतात, पायाला तेल चोळतात. तिकडे नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याला सदावर्त मिळतं. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातलं कोणी ना कोणी ती करून आलेलं आहे. ते सांगतात, खिशात पैसे असले की आश्रम शोधतो आणि पैसे नसले की दार वाजवतो.

हाच विचार घेऊन एक माणूस जगभर गेला. सतीश कुमार हे नाव आमच्या जैन समाजात जुन्यांना ठाऊक आहे. राजस्थानातला, नऊ वर्षांचा असताना दीक्षा घेतलेला, अठराव्या वर्षी मुनिपद सोडून विनोबांकडे गेलेला. १९६२मध्ये तो आणि ई. पी. मेनन अणुबॉम्बच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. विनोबांनी त्यांना सांगितलं होतं, पैसे बरोबर घेऊ नका. पैसे असले की माणूस थकून खाणावळीत जातो, झोपतो, कोणाशी बोलत नाही. पैसे नसले की कोणाच्या तरी घरी जावंच लागतं. मुनींच्या विहाराचंही हेच तर असतं. आमच्या घरी लहानपणी मुनी आहाराला आले की आजी म्हणायची, आज आपलं घर रस्त्यावर आलं. मला तेव्हा कळायचं नाही. घर तर तिथेच होतं!

मुंबईच्या पारशी तरुणांची एक हकिगत यात जोडतो, कारण ती एकट्या माणसाची आहे. १९२३मध्ये सहाजण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले तिघे १९२८मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. ते बरेच गाजले. पण त्यांच्या मागोमाग १९२४मध्ये फ्रामरोझ दावर नावाचा एक क्रीडा-पत्रकार एकटाच निघाला. व्हिएन्नाला त्याला गुस्ताव स्तावयानिक हा ऑस्ट्रियन भेटला आणि पुढचा प्रवास, सहारा काय, अँडीज काय, दोघांनी मिळून केला. हा मित्राकडे निघालेला नव्हता. त्याला मित्र वाटेत सापडला.

आता मी हा विषय का घेतला ते सांगतो. ज्यांची ही हकिगत आहे त्यांची परवानगी घेतलेली आहे. अट एकच होती, नाव घ्यायचं नाही. मी त्यांना दादा म्हणतो, तेव्हा इथेही दादाच म्हणेन.

दादा सदुसष्ट वर्षांचे. सैन्यात वैद्यकीय दलात होते, निवृत्तीनंतर उज्जैनला आपल्या वाड्यात परत आले. दोन वर्षांमागे दसऱ्यानंतर एका सकाळी वहिनी त्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. घेऊन आल्या म्हणजे अक्षरशः घेऊनच आल्या.

“डॉक्टर, तुम्ही यांना सांगा. माझं ऐकत नाहीत.”

“काय सांगू?”

“मोटरसायकलवरून नेपाळला निघालेत. एकटे!”

दादा शांत बसले होते. मी विचारलं, “विमानानं का नाही?” त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देतो.

नोकरीत असताना एका ठाण्यावर त्यांचा एक मित्र झाला, गोरखा पलटणीतला हवालदार, पोखऱ्याजवळचा. दोघांनी मिळून १९८६ची बुलेट विकत घेतली होती, निम्मे-निम्मे पैसे घालून. मित्र आधी निवृत्त झाला. जाताना म्हणाला, गाडी तू ठेव, डोंगरात मला तिचा उपयोग नाही, माझा हिस्सा राहू दे तिच्यात. तेव्हापासून गाडी उज्जैनात आहे. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं, दर वेळी मुलगी म्हणते भंगारात द्या, दर वेळी दादा म्हणतात, निम्मी गाडी माझी नाही.

“फोनवर बोलता ना?” मी विचारलं.

“बोलायचो. दर रविवारी. मागच्या वर्षी त्याला लकवा आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता त्याचा नातू फोन धरतो. हा माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो. मी एकटाच बोलतो. पाच मिनिटांत नातू म्हणतो, आजोबा रडतायत, ठेवतो.”

या ठिकाणी डॉक्टर म्हणून दोन शब्द बोलायला हवेत, कारण आपल्या घराघरांत असे रुग्ण आहेत आणि त्यांच्याशी कसं वागावं हे कोणी सांगत नाही. मेंदूच्या डाव्या भागात रक्तपुरवठा तुटला की पुष्कळदा वाचाघात होतो. त्याच्या एका प्रकारात माणसाला समोरच्याचं बरंचसं समजतं, काय बोलायचं तेही मनात असतं, पण शब्द ओठांवर येत नाही. घरचे समजतात की याची बुद्धी गेली. मग त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलू लागतात, मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसं. बुद्धी तिथेच असते. अशा माणसाला फोन हा छळ आहे, कारण फोनवर बोलण्यावाचून दुसरं काही करता येत नाही. शेजारी बसलेल्याला मात्र गप्प बसता येतं, हात धरता येतो, चहा पुढे करता येतो, बोटानं काही दाखवता येतं. आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. ज्याला साधं ‘पाणी’ म्हणता येत नाही, त्याला कधी कधी गाणं म्हणता येतं. अंक ओळीनं म्हणता येतात, प्रार्थना म्हणता येते. पाठ झालेलं आणि सुरातलं जे आहे, ते मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. हे मी दादांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे जायलाच पाहिजे.”

वहिनींकडे बघायचं मला धैर्य होईना. मी एवढंच म्हणालो, “वहिनी, मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आधी तपासू.” त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. हृदयाचा निर्णय मी करण्याचा नव्हता, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पट्ट्यावर चालवून तपासलं, ठीक निघालं. डोळ्यांची तपासणी झाली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती, म्हणजे रात्री समोरच्या दिव्यांनी दिपणार. तिथे आमच्या घरचा नियम कामी आला. आमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. मी दादांना म्हणालो, तुम्ही जेवा खुशाल, पण सूर्यास्तानंतर चाक फिरवायचं नाही. दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर नाही. दर तासाला उतरून दहा मिनिटं चालायचं. गोळी घेऊन उपाशी गाडी चालवायची नाही, खिशात ग्लुकोज. मुक्काम गाठला की वहिनींना फोन, वहिनींनी मला. दादा म्हणाले, ही तर पलटणीची शिस्त झाली. वहिनी म्हणाल्या, पलटणीत निदान माणसं तरी बरोबर होती.

नेपाळचं एक बरं आहे. आपल्या माणसाला तिथे व्हिसा लागत नाही, कार्नेही लागत नाही. सुनौलीच्या सीमेवर गाडीचे कागद दाखवून ‘भन्सार’ भरायचा, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचा, की झालं. आपल्या विमा पॉलिसीवर थोडा जादा हप्ता भरून नेपाळपुरतं संरक्षण वाढवून घेता येतं. ते मात्र निघण्याआधी करावं लागतं. उज्जैन ते सुनौली हजार-बाराशे किलोमीटर. भोपाळ, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर. पुढे बुटवल आणि तानसेनवरून पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ राजमार्ग, घाटच घाट. तिथे गेल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. एके काळी साऱ्या हिंदुस्थानातले ज्योतिषी आपल्या उज्जैनच्या रेषेवरून काळ मोजायचे. आता शेजारच्या घरातही पाव तासाचा फरक आहे. असो.

दिवाळी झाल्यावर दादा निघाले. सहा दिवस लागले. वाटेत कानपूरच्या अलीकडे क्लचची तार तुटली. ज्या पोरानं ती बदलून दिली, त्यानं गाडीचं साल ऐकल्यावर पैसे घ्यायला नकार दिला आणि गाडीसोबत स्वतःचा फोटो काढून घेतला. तानसेनला घाटात धुकं इतकं होतं, की एका चहावाल्या बाईंनी त्यांना पुढे जाऊच दिलं नाही. तिच्याच घरी झोपले. सकाळी तिनं डाळ-भात बांधून दिला. या गोष्टी दादांनी रोज रात्री फोनवर सांगितल्या आणि वहिनींनी त्या मला सांगितल्या. पहिल्या दिवशी त्यांच्या आवाजात राग होता. चौथ्या दिवशी त्या सांगताना घाईत होत्या, जणू काही मीच विसरून जाईन.

पोहोचल्यावर काय झालं, हे दादा मोजकंच बोलले. गाडी अंगणात उभी केली. नातवानं आजोबांना खुर्चीतून बाहेर आणलं. मित्रानं डावा हात टाकीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग त्यानं दादांच्या दंडाला जोरात चिमटा काढला. ही म्हणे त्यांची पलटणीतली सवय. दादा तिथे चार दिवस राहिले. तिसऱ्या संध्याकाळी जुनी सिनेमाची गाणी म्हणायला बसले. दादांचा गळा, तुम्ही ऐकलेला नाही हे तुमचं नशीब. पण दुसऱ्या कडव्याला मित्र सुरात सुर मिसळून शब्द म्हणू लागला. पुरते नाहीत, पण शब्द. घरातले सगळे स्वयंपाकघरातून बाहेर आले. त्याच्या सुनेनं सांगितलं, लकव्यानंतर घरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द ऐकला. आता ती रोज संध्याकाळी गाणं लावते आणि बरोबर म्हणते. वाचा परत येईल का, असं दादांनी मला विचारलं. थोडी येऊ शकते, रोज सराव केला तर, आणि वाचोपचारतज्ज्ञ मिळाला तर अधिक. पूर्ण येईल असं मी म्हणालो नाही.

तुमच्यातल्या अनेकांची मुलं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत आहेत. तुमचे शाळासोबती कोण कुठे, कोण कुठे. आपण सगळे फोनवर असतो. महाराजवाड्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले दोघे आज दोन खंडांत बसून एकमेकांना सकाळी फुलांची चित्रं पाठवतात. त्याला मी हसत नाही, ते बरंच आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या साठीपुढच्या पुरुषांना मी विचारतो, शेवटचं कोणाला भेटायला गेला होतात? लग्नाला, मयताला, दवाखान्यात सोडून. पुष्कळांना आठवायला वेळ लागतो. बायका याबाबतीत शहाण्या असतात, त्या जाऊन येतात. प्रत्येकानं मोटरसायकल काढावी असं माझं म्हणणं नाही, तुमच्या सुना मला दवाखाना उघडू देणार नाहीत! आगगाडी आहे, बस आहे, विमान आहे. आणि ज्याच्या छातीचं किंवा डोळ्यांचं दुखणं आहे त्यानं दुचाकीचं नावही काढू नये, हे मी ठामपणे सांगतो. पण घरातला कोणी म्हातारा ‘मला अमक्याला भेटून यायचंय’ म्हणाला, तर त्याला पहिल्यांदा ‘फोन करा ना’ म्हणू नका. आधी विचारा, कसं जायचं म्हणता? मग कागद बघा, तब्येत बघा, रस्ता बघा. पुष्कळदा रस्ता उघडा असतो. महानंदियाचा रस्ता दोन वर्षांत मिटला. आपल्या वयात दोन वर्षं म्हणजे किती, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

दादा परतले ते बुलेटवरच. वहिनी त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी पोखऱ्याच्या सुनेला फोन लावून तासभर गप्पा मारल्या. दोघी एकमेकींच्या भाषेत बोलत नाहीत, हिंदीत मिळतात. आता नवीन विषय निघाला आहे. २०२८ला आपल्याकडे सिंहस्थ आहे. नातू आजोबांना घेऊन यायचं म्हणतो. परवा दादा दवाखान्यात आले ते तब्येत दाखवायला नव्हे. रामघाटाच्या पायऱ्या किती आहेत, चाकाची खुर्ची पाण्यापर्यंत जाईल का, गर्दीच्या दिवसांऐवजी मधला कोणता दिवस धरावा, हे विचारायला आले होते. मी म्हणालो, पायऱ्या मोजून या. ते म्हणाले, मोजल्यात. मग खिशातून कागद काढला, घाटाचा नकाशा पेन्सिलीनं काढलेला, आणि कुठल्या बाजूला उतार आहे ते मला दाखवायला लागले. बाहेर बुलेट उभी होती. तुमच्यापैकी घाटाशेजारी कोणाचं तळमजल्यावरचं घर असेल आणि त्या महिन्यात दोन खोल्या मोकळ्या होणार असतील, तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा.